नऊ भाषांचं मीठ

"पाचवी 'ब' यंदा तुमच्याकडे," मुख्याध्यापिका राजश्री मॅडम म्हणाल्या, तेव्हा पंचशीला सोनकांबळे शिक्षकांच्या खोलीत उभ्यानंच चहा पीत होती. भाईंदरमधल्या नवघरच्या त्या शाळेत ती अकरा वर्षं मराठी आणि परिसर अभ्यास शिकवत आली होती. पाचवी 'ब' म्हणजे त्या जूनपासून नव्यानं सुरू होणारा इंग्रजी माध्यमाचा वर्ग.

"मॅडम, माझं इंग्रजी..."

"बी.ए.ला घेतलं होतंत ना?"

"घेतलं होतं. बाहेरून बसले होते. पास झाले, एवढंच."

"मग झालं तर. माझ्याकडे दुसरं कोण आहे?"

पंचशीलानं मान हलवली आणि बाहेर व्हरांड्यात आली. भीती होतीच, पण निव्वळ भीती नव्हती. आत कुठेतरी उकळी फुटत होती. हे आपल्याला हवंच होतं, हे तिला त्या क्षणी कळलं.

तिचे वडील कोंडिराम उदगीरकडून भाईंदरला आले ते स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायला. दिवसभर चाकाला भांडं लावायचं आणि संध्याकाळी काळ्या पडलेल्या हातांनी पोरीची वही उघडून बघायची. वाचता येत नसे, पण अक्षर सुबक आहे की नाही ते कळे. बारावीला पंचशीलाला इंग्रजीत छत्तीस मार्क पडले. डी.एड. झाली, नोकरी लागली, लग्न होऊन हाटकेशला राहायला आली, तरी बँकेतल्या माणसानं इंग्रजीत काही विचारलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. मग तिनं जिद्दीनं बाहेरून बी.ए. केलं, आणि आता आख्ख्या इंग्रजीच्या वर्गासमोर उभं राहायचं होतं.

पहिल्या दिवशी एक्केचाळीस मुलं बसली होती. नवे बूट, नव्या पाण्याच्या बाटल्या. पंचशीलानं विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?" आणि एकामागून एक एक्केचाळीस "माय नेम इज" खणखणीत आले. तिला वाटलं, अरे वा, हे तर सोपं आहे! मग तिनं विचारलं, "व्हॉट डिड यू ईट टुडे?" आणि वर्गावर अशी शांतता पसरली की शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू यायला लागले.

मधल्या सुट्टीत तिनं हजेरीपटावर प्रत्येकाच्या नावापुढे घरची भाषा लिहून घेतली. मराठी, हिंदी, भोजपुरी, उर्दू, गुजराती, मारवाडी, बंगाली, नेपाळी, तेलुगू. तिनं बोटांवर मोजलं. नऊ! एका खोलीत नऊ भाषा, आणि दहावी, इंग्रजी, शिकवायची तिला, जिला ती स्वतःलाच धड येत नव्हती.

भिंतीवर शाळेनं पाटी लावली होती: वर्गात फक्त इंग्रजीतच बोलायचं. पालकांचीच मागणी होती ती. पंचशीलानं नियम इमानेइतबारे पाळला. कोणी हिंदीत बोललं की ती पाटीकडे बोट दाखवायची. धडा होता बर्फात खेळणाऱ्या मुलांचा. मुलं तो धडा घडाघडा म्हणत, आणि बर्फ म्हणजे काय विचारलं की सरबतातला खडा सांगत. महिन्याभरात वर्ग एकदम शिस्तीचा झाला. राजश्री मॅडम दारातून बघून समाधानानं पुढे जायच्या. पंचशीलाला मात्र ती शिस्त टोचायची. मधल्या सुट्टीत हीच पोरं चिमण्यांसारखी कलकलाट करत होती आणि घंटा झाली की कोणीतरी बटण बंद केल्यासारखी गप्प.

सगळ्यांत गप्प होती अंबिका थापा. शांतीनगरमधल्या एका सोसायटीच्या वॉचमनची मुलगी, नेपाळहून येऊन जेमतेम वर्ष झालेली. अक्षर मोत्यासारखं, पण तोंडातून एक शब्द नाही. हजेरीलासुद्धा ती फक्त हात वर करायची.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, गणिताच्या तासाला, अंबिका जागेवर उभी राहिली. चेहरा लालबुंद. पंचशीला म्हणाली, "येस, अंबिका?" पोरीनं ओठ हलवले, पाटीकडे बघितलं, परत ओठ हलवले. "टेल मी इन इंग्लिश," पंचशीला हसून म्हणाली. तिला वाटलं होतं, आज ही बोलणार! आणि मग बाकाखाली फरशीवर पाणी ओघळलं.

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग मागून एकजण हसला. पंचशीला धावली, तिनं आपली ओढणी अंबिकाच्या कमरेला गुंडाळली आणि तिला बाहेर नेलं. मावशींकडून शाळेचा जादा गणवेश आणला, तिला कपडे बदलायला लावले. अंबिका रडलीसुद्धा नाही. नुसती भिंतीकडे बघत राहिली. ते पंचशीलाच्या काळजात रुतलं.

वर्गात परत येऊन तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि भिंतीवरची पाटी उतरवली. एक्केचाळीस तोंडं वर. "आजपासून," ती मराठीत म्हणाली, मग तेच हिंदीत म्हणाली, "ज्याला जे बोलायचंय ते ज्या भाषेत येतं त्या भाषेत बोला. इंग्रजी आपण करू. सगळे मिळून करू. मलापण शिकायचंय."

मग ती तडक राजश्री मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, पाटी मी काढली. मला थोडा वेळ द्या. पोरं बोलतील."

राजश्री मॅडम मायाळू होत्या, पण शाळा चालवायची होती. त्या म्हणाल्या, "पालकांना काय सांगू?"

"सांगा, जानेवारीअखेर या आणि ऐका."

हे वाक्य आपण कुठून आणलं, ते पंचशीलाला पुढे कधीच सांगता आलं नाही.

आता शब्द दिला होता, तर काहीतरी करणं भाग होतं. पहिले काही दिवस गोंधळच झाला. एक्केचाळीस मुलं नऊ भाषांत एकदम बोलायला लागल्यावर काय होतं ते तिनं अनुभवलं. मग हळूहळू तिनं रीत बसवली. आधी शेजाऱ्याला आपल्या भाषेत सांगायचं, नाहीतर त्याला कळेल अशा भाषेत. मग चौघांनी मिळून ते इंग्रजीत बसवायचं. मोडकं चालेल. मग सगळ्यांना ऐकवायचं. शब्द अडला तर हात वर करून विचारायचा, आणि बाईंनाच येत नसेल तर सगळ्यांनी मिळून शब्दकोशात शोधायचा. शब्दकोश उघडायला पोरं धक्काबुक्की करायची. बाईंना न येणारा शब्द सापडला की वर्गात टाळ्या!

ऑगस्टमधली ती सकाळ. विज्ञानात विरघळण्याचा धडा होता. पंचशीलानं घरून मिठाची बरणी आणली होती. पाण्याच्या पेल्यात चमचाभर टाकून तिनं विचारलं, "धिस इज सॉल्ट. तुमच्या घरी याला काय म्हणतात?"

"मीठ!" अर्धा वर्ग ओरडला. "नमक!" उरलेला. गुजराती हेतवी उभी राहून म्हणाली, "मीठुं. पण टीचर, आमच्यात गोडालापण मीठुंच म्हणतात!" यावर असा हशा पिकला की बास. यादगिरीनं तेलुगूत "उप्पु" सांगितलं, मारवाडी पोरानं "लूण". पंचशीला फळ्यावर भराभर लिहीत होती.

मग चंदन उठला. त्याच्या वडिलांची हातगाडी होती, घरी भोजपुरी. "हमरे यहाँ नून बोलते हैं."

"आमच्यातपण नून!" बंगाली मौसुमी जागेवर उडालीच. "सेम टू सेम!"

आणि तिसऱ्या बाकावरून बारीक, पण स्पष्ट आवाज आला. "नुन."

सगळा वर्ग वळला. अंबिका उभी होती. आपण बोललो याचं तिला स्वतःलाच नवल वाटत होतं.

"तुम्हारे में भी?" चंदन ओरडला. "अरे, नेपाल में भी नून!" मौसुमी धावत जाऊन अंबिकाच्या बाकावर बसली. चंदननं तिला टाळी दिली. पंचशीलाच्या हातातला खडू खाली पडला. तो उचलायच्या निमित्तानं तिनं खाली वाकून डोळे पुसले आणि वर येऊन म्हणाली, "अंबिका, फळ्यावर ये. तू लिही." अंबिकानं लिहिलं: नुन. मग शेजारी, मोठ्या अक्षरात, सॉल्ट. मग वर्गाकडे तोंड करून पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलली, "इन नेपाल, सॉल्ट इज नुन."

त्या दिवशी पंचशीला घरी गेली ती जवळजवळ पळतच. आई जाईबाई आता गावी असायची, तिला उदगीरला फोन लावला. "आई, पोरगी बोलली!" जाईबाईला आधी वाटलं कोणाचं तान्हं बाळ बोलायला लागलं.

मिठावरून पोरांचे प्रश्न सुरू झाले ते थांबेचनात. मीठ कोण बनवतं? कारखान्यात बनतं का? भाईंदरला रेल्वेपलीकडे मिठागरं आहेत हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. खाडीकडे पांढरे ढीग दिसतात एवढंच. "टीचर, जाऊ या!" असं इतक्या भाषांत कानावर आलं की पावसाळा सरून मीठ पिकायला लागल्यावर, जानेवारीतल्या एका शनिवारी, दोन शिक्षिका आणि एक्केचाळीस मुलं घेऊन मिठागरावर जायचं पंचशीलानं ठरवलंच.

तोपर्यंत पालकांत कुजबुज सुरू झालेली. सुचेता गावंड पालक समितीत होत्या. त्यांचा मुलगा जीवन वर्गातला सगळ्यांत तयारीचा विद्यार्थी. कविता, भाषणं, सगळं पाठ. एकदा शाळा सुटताना त्यांनी पंचशीलाला फाटकापाशीच गाठलं. "मॅडम, आम्ही इंग्रजीसाठी घातलंय पोराला. घरी येऊन तो मला तेलुगूत आकडे म्हणून दाखवतो. हे काय चाललंय?"

"जानेवारीअखेर या ना, ताई," पंचशीला म्हणाली. "तुम्हीच विचारा मुलांना. काहीही विचारा. पाठ केलेलं एकपण वाक्य नसेल."

"काहीही?"

"काहीही." राजश्री मॅडमनी नंतर तिला बोलावून सांगितलं, "पंचशीला, मी तुमच्या बाजूनं आहे. पण त्या दिवशी फजिती झाली, तर पाटी परत लागेल आणि वर्गही दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल. समितीनं तसं लेखी मागितलंय."

त्या शनिवारी मिठागरावर ऊन लखलखत होतं. आखीव चौकोनी वाफे, त्यांत आभाळ उतरलेलं, कडेला मिठाच्या राशी. पोरं डोळे बारीक करून बघत राहिली. राघो नावाचे साठीचे आगरी गृहस्थ लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं मीठ ओढत होते. अंगात बनियन, डोक्याला फडक्याची टापशी. पंचशीलानं नमस्कार केला. "काका, मुलांना सांगाल का, मीठ कसं होतं?"

राघोंनी फावडं रोवलं. "सांगतू ना. भरतीचा पानी आत घ्याचा न् बांध बंद कराचा. मंग एका वाफ्यातशी दुसऱ्यात, दुसऱ्यातशी तिसऱ्यात. आपला काम न्हाय त्यो, उनाचा काम हाय."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मराठी पोरांनाही अर्धंच कळलं होतं. पंचशीला उलगडून सांगणार इतक्यात मागून गेविन पुढे आला. गेविन डिमेलो, गोरापान, अबोल. हजेरीपटासाठी त्यानं घरची भाषा 'मराठी' सांगितली होती. त्याच्या वडिलांना नोकरी लागली म्हणून घर नवघरला आलं होतं, पण मूळ गाव समुद्रकाठचं उत्तन. तिथे त्याची आजी मॉली बोंबील सुकवायची.

"टीचर, मला कळलं," तो म्हणाला. "माझी आजी जवळजवळ असंच बोलते." आणि त्यानं सगळं मराठीत सांगितलं.

"अरे, मग सांगितलं का नाहीस तू? ही तर आपल्या यादीतली दहावी भाषा झाली!"

गेविन कानापर्यंत लाल झाला. "मला वाटलं, ती भाषा नाही. घरातलं बोलणं आहे नुसतं."

"मागच्या शाळेत हसायचे त्याला," जीवननं हळूच सांगितलं.

"आपल्याकडे कोण हसतंय?" पंचशीलानं मोठ्यानं विचारलं. कोणीच हसत नव्हतं. उलट सगळे गेविनभोवती गोळा झाले होते, कारण राघोकाकांचं बोलणं आता त्याच्याकडूनच मिळणार होतं. मग काय, धमालच उडाली! राघो बोलत, गेविन मराठीत सांगे, चंदन हिंदीत ओरडून मागच्यांना पोचवी, चौघाचौघांचे घोळके डोकी एकत्र करून इंग्रजी वाक्य जुळवत आणि अंबिका वहीवर उतरवी. "सी वॉटर कम." "नो नो, कम्स!" "सन ड्रिंक्स द वॉटर." हे वाक्य हेतवीचं. पंचशीलाला ते इतकं आवडलं की तिनं ते दुरुस्त करायला हातच लावला नाही.

एवढ्यात अंबिका वही खाली करून राघोंच्या पायांकडे बघत राहिली. टाचा चिरलेल्या, बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडलेल्या. ती दोन पावलं पुढे गेली. कोणाला काही न विचारता, गेविनकडेही न बघता, थेट त्यांच्याशी बोलली, "अंकल. फीट, पेन?" आणि स्वतःच्या पायाला हात लावला.

राघो तिच्याकडे बघत राहिले. त्यांना भाषांतर लागलंच नाही. "दुखतान ना, बाय," ते हळूच म्हणाले. "मीठ खातंय पायाला. पन सवय झाली."

अंबिकानं गेविनकडे बघितलं. गेविननं सांगितलं. तिनं वहीत लिहिलं आणि पुन्हा खाली मान घालून उभी राहिली. परतताना बसमध्ये पंचशीलानं सगळ्यांना शिकवलं, "डू युवर फीट हर्ट?" आख्खी बस तेच वाक्य एकमेकांना विचारत नवघरपर्यंत आली. ड्रायव्हरनंही उत्तर दिलं.

मग जानेवारीचा शेवटचा शनिवार उजाडला. शाळेच्या हॉलमध्ये साठ-सत्तर पालक. पुढच्या रांगेत सुचेताताई, मांडीवर वही. पंचशीलानं पहाटेपासून काही खाल्लं नव्हतं. मुलांनी टेबलांवर पुठ्ठ्याचे वाफे, मिठाचे वाडगे, दहा भाषांतल्या शब्दांचा तक्ता मांडला होता. आणि ऐनवेळी दारात राघो उभे! इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात मिठाची पिशवी. मुलांनी परस्पर निमंत्रण दिलं होतं. गेविननं वडिलांच्या फोनवरून.

"टीचर, सरप्राइज!" चंदन म्हणाला. पंचशीलाला हसावं की धसका घ्यावा ते कळेना.

सुरुवात बरी झाली. मुलांनी आपापल्या शब्दांत सांगितलं. वाक्यं मोडकी होती, पण प्रत्येकाची वेगळी. मग सुचेताताई उठल्या आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "व्हॉट इज द यूज ऑफ धिस? व्हाय शुड अ स्टुडंट विझिट अ सॉल्ट पॅन?"

मुलं गप्प. तीच जूनमधली शांतता, असं पंचशीलाला वाटलं. उत्तर सुचवायला ती तोंड उघडणार, तोच मुलांनी डोकी एकत्र केली. कुजबूज, कुजबूज. "यूज मतलब फायदा." "क्या फायदा, पूछ रही है." "फायदो शुं?" अर्धं मिनिट झालं. एक पालक हसले. राजश्री मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या.

मग जीवन उभा राहिला. सुचेताताईंचाच मुलगा. नेहमी पाठ करून बोलणारा. या वेळी त्याच्याकडे पाठ केलेलं काही नव्हतं. तो थांबत, शोधत बोलला, "मम्मी... मॅडम. वी ईट सॉल्ट एव्हरी डे. वी डिड नॉट नो, हू मेक्स. नाऊ वी नो हिज नेम." आणि त्यानं राघोंकडे हात केला. "ही इज राघो अंकल."

टाळ्या वाजायच्या आतच सुचेताताईंनी दुसरा प्रश्न केला, या वेळी राघोंना, पण इंग्रजीतच. बहुधा त्यांना मुलांची परीक्षाच बघायची होती. "सर, विल युवर चिल्ड्रन डू धिस वर्क?"

राघो गोंधळून बघायला लागले. गेविन लगेच त्यांच्याजवळ गेला. आणि सगळ्या हॉलसमोर, माईकवर, न लाजता, आजीच्या बोलीत त्यानं विचारलं, "काका, त्या विचारतान, तुमची पोरा ह्यो काम करतील काय?"

राघोंचा चेहरा उजळला. "न्हाय रे बाला. एक बँकंत हाय, एक रिक्षा चालवतंय. मिठागरा बी किती दिस ऱ्हातील, कोनाला ठावं? पन यी पोरा आली, त्यांनी विचारला. मना बरा वाटला."

गेविन मराठीत म्हणाला, चंदन हिंदीत, आणि शेवटी ते इंग्रजीत सांगायला अंबिका पुढे झाली. "हिज सन्स हॅव अदर वर्क. मे बी सॉल्ट पॅन विल गो. बट वी केम, अँड वी आस्क्ड. सो ही इज हॅपी."

मागच्या रांगेतून अंबिकाची आई नेपाळीत काहीतरी बोलली. अंबिकानं तिला नेपाळीत उत्तर दिलं आणि मग स्वतःहूनच सगळ्यांना सांगितलं, "माय मदर इज आस्किंग, व्हेअर कॅन शी बाय धिस सॉल्ट." आता मात्र हॉल दणाणला! राघोंनी पिशवीच उघडली आणि मूठ मूठ मीठ कागदात बांधून द्यायला सुरुवात केली. सगळी शिस्त मोडली. पालक टेबलांभोवती गोळा झाले, पोरं एकदम चार-चार जणांना समजावून सांगायला लागली. पंचशीला मध्यभागी उभी होती आणि तिला कोणीच काही विचारत नव्हतं. इतकं आनंदानं बिनकामाचं ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती.

गर्दी ओसरल्यावर सुचेताताई आल्या. वही मिटलेली होती. "जीवननं असं कधी... म्हणजे तो अडखळतोय हे बघून मला आधी रागच आला होता," त्या म्हणाल्या. "मग लक्षात आलं, तो विचार करतोय." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "पण व्याकरण कच्चं आहे हं मॅडम. 'हू मेक्स' काय?"

"आहेच कच्चं," पंचशीला म्हणाली. "माझंपण आहे. तुमचं छान आहे. बुधवारी एक तास याल?"

सुचेताताईंना हे अपेक्षित नव्हतं. पण पुढच्याच बुधवारी त्या आल्या, आणि मग दर बुधवारी यायला लागल्या. पहिल्या दिवशी त्या फक्त इंग्रजीतच बोलल्या. तिसऱ्या बुधवारी क्रियापदाची रूपं समजावताना त्या यादगिरीला "अरे बाबा, काल म्हटलं की शेपूट बदलतं" असं मराठीत सांगताना ऐकू आल्या, आणि यादगिरी ते तेलुगूत आपल्या शेजाऱ्याला सांगत होता.

समितीनं पाटीचा विषय पुन्हा काढला नाही. वार्षिक परीक्षेत सगळीच मुलं काही चमकली नाहीत. चारजणांना लेखी इंग्रजी जडच गेलं, त्यांना पंचशीलानं मे महिन्यात रोज सकाळी बोलावलं. पण तोंडी परीक्षा घ्यायला दुसऱ्या शाळेतून आलेल्या बाई वर्गाबाहेर येऊन म्हणाल्या, "तुमची मुलं उलट मलाच प्रश्न विचारतात हो!"

जूनमध्ये राजश्री मॅडमनी तिला सहावीचाही वर्ग दिला आणि शाळेतल्या नव्या शिक्षिकांना दर महिन्याला एक तास शिकवायला सांगितलं. पहिल्या तासाला सात शिक्षिका बसल्या होत्या. पंचशीला फळ्यापाशी गेली, खडू उचलला आणि आधी प्रत्येकीला विचारलं, घरी कोणती भाषा बोलता? उत्तरं यायला लागली. एक मालवणी निघाली, एक कन्नड, एक वऱ्हाडी. शेवटची नवी मुलगी जरा संकोचून म्हणाली, "तशी मराठीच मॅडम, पण आजी वेगळंच बोलते. ते भाषेत धरायचं का?"

"धरायचं म्हणजे काय!" पंचशीला म्हणाली आणि खडू तिच्या हातात दिला. "या, तुम्हीच लिहा."